कटआउटच्या पायाखालचा रंग

मी एक जुना कटआउट आहे. हे वाचून चौकात उभा केलेला पुढाऱ्याचा उंच फोटो तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, तर मित्रांनो, तो मी नव्हे. मी तळहातावर मावेल एवढी पत्र्याची काळी डबी आहे आणि एका जुन्या डिझेल जीपच्या बॉनेटखाली, डाव्या बाजूच्या पत्र्यावर राहतो. माझ्या खोक्यावर ‘व्होल्टेज रेग्युलेटर’ असं भारदस्त नाव छापलेलं होतं. पण गॅरेजात मला सगळे कटआउटच म्हणतात आणि आता मलाही तेच आपलं वाटतं.

माझं काम काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट तुम्हाला कळायची नाही. इंजिन फिरू लागलं की त्याच्या पट्ट्यावर डायनामो फिरतो आणि वीज तयार करतो. ती वीज बॅटरीत साठते. पुढे दिवे, हॉर्न आणि गाडी सुरू करणारा सेल्फ, सगळे त्या साठ्यावर जगतात. पण डायनामोला थांबायचं कुठे हे कळत नाही. गाडी पळू लागली की तो वाटेल तेवढी वीज ओतायला निघतो. लग्नाच्या पंगतीत असा एखादा वाढपी असतो बघा, नको म्हटलं तरी जिलेबी टाकतच जातो. तिथे ताटावर आडवा हात धरून ‘बास’ म्हणणारं कोणीतरी लागतं. आमच्या जीपमध्ये तो आडवा हात माझा. बॅटरी रिकामी असली की मी ‘अजून’ म्हणतो, भरली की ‘बास’ म्हणतो. जन्मभर मी हे दोनच शब्द बोललो आहे आणि दोन्ही इमानाने बोललो आहे.

बॅटरी किती भरली हे मला कसं कळतं? एक तार किल्लीकडून माझ्याकडे येते, ती वरचा आकडा सांगते. पण मोजायचं तर वर कुठपर्यंत जसं लागतं, तसं खाली कुठपासून हेही लागतं. माझ्या डबीला पत्र्याचा एक पाय आहे. तो बोल्टने जीपच्या अंगाला आवळलेला असतो. त्या पायातून मला जीपचं लोखंड लागतं आणि तिथून मी मोजायला सुरुवात करतो. गॅरेजवाले याला अर्थिंग म्हणतात. खरं सांगायचं तर तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाय जागेवर असेपर्यंत पायाकडे कोण बघतं?

आमच्या जीपचे मालक शेषेराव. लोहा तालुक्यातलं त्यांचं लहानसं गाव, थोडी जमीन, सोयाबीन आणि हळद. त्यांच्या घरच्या सिंधुबाई. मुलगा भागवत लातूरला औषधांचं दुकान चालवतो आणि तिथेच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जीप घरी आली तेव्हापासून मी तिच्यात आहे. आम्ही हळदीची पोती वाहिली, माळेगावच्या जत्रेला माणसं नेली, वऱ्हाडं नेली, आणि एकदा तर मल्लिकार्जुनरावांची अडलेली शेळीही नेली. मल्लिकार्जुनराव म्हणजे आमचे बांधाशेजारी. शेषेराव चारचौघांत बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, “गाडी जुनी हाय, पण लाइटिंग लई पक्कं. कधी दगा न्हाई.” ते ऐकून बॅटरी फुगायची, डायनामो फुगायचा. माझं नाव कोणी घेत नसे. पण आपल्या कामाचं कौतुक दुसऱ्याच्या नावाने का होईना, कानावर पडलं की बरं वाटतं.

मग सिंधुबाईंची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा नांदेडच्या दवाखान्यात डायलिसिस ठरलं, तेही सकाळच्या पाळीत. आमच्या फाट्यावर एसटी येते ती भरूनच येते, आणि यंत्रावरून उतरलेल्या बाईला परतीच्या वाटेवर उभं राहवत नाही. म्हणून जीपच्या मागच्या सीटवर वाकळ अंथरली गेली आणि जीपचं सगळं जगणंच बदललं. पोती गेली, वऱ्हाडं गेली. आता फक्त सिंधुबाई.

शेषेरावही बदलले. त्या उठल्या की हे धावणार. “तू बस. चप्पल घाल. उन्हात जाऊ नको. वावरात तर पायच ठेवायचा न्हाई, जंतू लागतात.” डॉक्टरांनी एक सांगितलं की हे त्यावर तीन पथ्यं आपल्या पदरची घालायचे. सिंधुबाई कधी हसायच्या, कधी चिडायच्या. “आवं, मी काय काचेची हाय का?” असं एकदा त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या. शेषेरावांनी गाडी आणखी सावकाश चालवली.

दवाखान्याच्या धावपळीत बैलांकडे बघायला कोणी उरलं नाही. शेषेरावांनी जोडी मल्लिकार्जुनरावांना देऊन टाकली. शेजारच्याच गोठ्यात, नजरेसमोर, म्हणून दिली. पण दिली ती दिलीच.

आणि पोळा आला.

बैलांशिवाय पोळा ही त्यांच्या घरातली पहिलीच वेळ. आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीच्या वेळी, शेषेराव रिकाम्या गोठ्यात गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि हळद-तुपाची वाटी घेऊन सरळ जीपकडे आले. त्यांनी बॉनेटच्या दोन्ही कडांना हळद-तूप चोळलं. मग इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही अशी खात्री करून, हळूच म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” बैलांना म्हणायचं ते आम्हाला म्हणाले! मित्रांनो, माझ्यासारख्या पत्र्याच्या डबीलाही त्या क्षणी भरून आलं.

सकाळी त्यांनी माळ्यावरून शिंगांच्या रंगाचा डबा काढला. गेल्या वर्षीचा उरलेला, लालभडक, घट्ट झालेला तेलरंग. त्यांनी बंपर रंगवला, चाकांच्या वाट्या रंगवल्या, आणि रंग उरला म्हणून बॉनेट उघडलं. आतला पत्रा गंजायला आला होता. काम करायचं तर जीव लावून, हा त्यांचा स्वभाव. बॅटरीच्या तारा आधी सोडवल्या, मग मलाही पान्याने सोडवलं, माझ्यामागच्या पत्र्याला दोन हात रंग दिला, माझ्या पायाला दिला, बोल्टाच्या आट्यांनाही दिला, आणि पुन्हा सगळं आवळून टाकलं. माझा पाय वरून खालून लाल झाला. ऐटीत होतो. दुपारी जीपला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, तेव्हा मला वाटलं की आपल्याएवढं सुखी कोणी नाही.

इथून पुढे मला काहीच कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी जीप नांदेडकडे निघाली. मी नेहमीसारखं मोजायला गेलो तर बॅटरी मला अर्धवट रिकामी दिसली. मी म्हटलं, ‘अजून.’ डायनामोने ओतलं. पुन्हा मोजलं, तरी रिकामीच. पुन्हा म्हटलं, ‘अजून.’ आणि पलीकडून बॅटरी ओरडते आहे, ‘बास कर बाबा, फुटेन मी!’ मला वाटलं, ही खोटं बोलते आहे. रस्त्यात एक खड्डा आला, जीप आदळली, माझा पाय कुठेतरी टेकल्यासारखा झाला, आणि एकदम दिसलं की बॅटरी काठोकाठ भरलेली आहे. मी घाईघाईने ‘बास’ म्हटलं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा सगळं रिकामं. आता सांगा, मी कशावर विश्वास ठेवायचा? दिवसभर हेच चाललं. घरी पोचेपर्यंत एक हेडलाइट उडाला होता आणि बॉनेटखाली सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता.

शेषेरावांनी बॅटरीची झाकणं उघडली तर आतलं पाणी खाली गेलेलं. त्यांनी पाणी भरलं. चार दिवसांनी पुन्हा भरलं. मग ते लोह्याला सोमेशकडे गेले. सोमेश हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, जिभेवर साखर आणि हातात कायम मीटर. तो म्हणाला, “मामा, बॅटरी म्हातारी झाली.” नवी बॅटरी आली. जुनी बिचारी गेली. थोड्या दिवसांत नवीही उकळू लागली. मग सोमेशने डायनामो उतरवला, त्याचं पोट फाडून आतली गुंडाळी नवी भरली. डायनामो कण्हत परत आला आणि मला म्हणाला, ‘तूच अजून अजून म्हणतोस आणि फाडतात मला.’ मी दिसेल तेच सांगत होतो.

गंमत म्हणजे सोमेशच्या दुकानासमोर जीप उभी असली की सगळं कधी ठीक दिसायचं, कधी नाही. आता ठीक, घटकेने बिघडलेलं. सोमेश डोकं खाजवायचा. “हे काय भुताटकी करून राहिली राव ही गाडी?”

अखेर पाळी माझी आली. सोमेशने मला सोडवून टेबलावर घेतलं, एक तार वर जोडली, एक तार माझ्या अंगाला चिमट्याने लावली आणि तपासलं. मी जिथे ‘बास’ म्हणायचं तिथे बरोबर ‘बास’ म्हणालो. “हा तर चांगला हाय!” सोमेश म्हणाला. तरीही त्याने नवा कटआउट बसवला आणि मला शेषेरावांच्या हातात दिलं. त्यांनी मला फेकलं नाही, जीपच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिथे मी एका जुन्या पान्याच्या आणि सुकलेल्या सुपारीच्या शेजारी पडून राहिलो. टेबलावर शहाणा आणि गाडीत वेडा, असा मी आहे तरी कोण? या विचाराने माझं नसलेलं डोकं दुखू लागलं.

तो नवा कटआउट मोठ्या तोऱ्यात आला होता. आठवडाभरात तोही ‘अजून, अजून’ करू लागला. खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंद झाला. पण लगेच भीतीही वाटली. तोही चुकतो, मीही चुकतो, मग बरोबर कोण?

आणि मग तो दिवस आला. सोनखेडच्या अलीकडे जीप बंद पडली. बॅटरी कोरडी, सेल्फ मुका, नवा कटआउट जळालेला. सिंधुबाई मागे वाकळीवर. शेषेराव रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. अर्धापूरकडे निघालेला केळीच्या रिकाम्या क्रेटचा एक टेम्पो थांबला, त्यातून ते दोघं नांदेडला गेले. पुढचं मी मागाहून ऐकलं. पोचेपर्यंत सकाळची पाळी हुकली होती. यंत्र दुसऱ्या रुग्णाला लागलं होतं. त्यात कोणाची चूक नव्हती. सिंधुबाईंचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला, तोपर्यंत त्यांचे पाय सुजले होते आणि धाप लागत होती.

भागवत लातूरहून धावत आला. तो वाईट मुलगा नाही. आईचे पाय बघून तो रडला आणि वडिलांना म्हणाला, “दादा, जीप भंगारात द्या. मी मायला लातूरला नेतो. दवाखाना माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर हाय.”

“आणि मी?” शेषेराव म्हणाले.

“तुम्हीबी चला.”

“वावर कोण बघंल?”

सिंधुबाई एवढंच म्हणाल्या, “तिथं तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून खाली बघितलं की मला गरगरतं. माती दिसतच न्हाई.” पण पायांची सूज सगळ्यांना दिसत होती, त्यामुळे त्यांचं गरगरणं मागे पडलं. लातूरला जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी भागवतच्या गाडीत पिशव्या भरल्या. जीप तेव्हा ओढून आणून लोह्यात सोमेशच्या दारात लावलेली होती आणि भंगारवाला दुपारी येणार होता. लातूरचा रस्ता तिथूनच जातो. सिंधुबाई म्हणाल्या, “जरा थांबव. गाडीला बघून जाते.” त्या उतरल्या. शेषेराव आधीपासून तिथेच होते. सोमेशलाही वाईट वाटत होतं. तो म्हणाला, “मामा, भंगारवाला यायचाय तोवर एकदा अखेरचं बघतो.” नवा कटआउट जळालेला, म्हणून त्याने ड्रॉवरमधून मला काढलं, पुन्हा माझ्या जागी आवळलं आणि दुकानातली एक बॅटरी लावून जीप सुरू केली.

मी मोजलं. रिकामी! ‘अजून,’ मी ओरडलो. पुन्हा तेच.

सिंधुबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होत्या. महिनोनमहिने यंत्राला जोडून पडून राहिलेल्या बाईला एक सवय लागते. समोरचा माणूस हाताने नेमकं काय करतो हे ती बघत राहते. सोमेशने मीटरची एक सुई बॅटरीला लावली. दुसरी जीपच्या अंगाला लावण्याआधी त्याने स्क्रू-ड्रायव्हरने लाल रंग जरासा खरवडला आणि मग सुई टेकवली. जागा बदलली, पुन्हा खरवडलं, पुन्हा टेकवली. हे तो इतक्या सवयीने करत होता की त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

“सोमेश, दर वेळेला खरवडतोस कशाला रे?” सिंधुबाईंनी विचारलं.

“रंगावर सुई लागत न्हाई मामी. खाली लोखंड लागावं लागतंय.”

“हाव? दवाखान्यातबी छातीचा ईसीजी काढायच्या आधी अंगावरची पावडर पुसायला लावतात.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “मग ह्या डबीच्या पायाखाली तर केवढा रंग हाय. हिला लोखंड लागतंय का?”

सोमेशचा हात तिथेच थांबला. त्याने शेषेरावांकडे बघितलं. शेषेरावांनी पोळ्याच्या रंगाकडे बघितलं.

“माझ्या हातानं दिला,” ते हळूच म्हणाले. “दोन हात. बोल्टालासुदिक.”

सोमेश कामाला लागला. त्याने मीटरची एक सुई माझ्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थिंगला लावली. दोघांत काहीच फरक दिसायला नको होता, तिथे मोठा फरक दिसला. त्याने मला काढलं, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासला, माझा पाय घासला, बोल्टाचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले. खालून चकचकीत उघडं लोखंड निघालं. मग मला त्यावर घट्ट बसवलं.

मित्रांनो, तो क्षण मला सांगता येणार नाही. पोळ्यापासून मी अधांतरी होतो आणि ते मला माहीतच नव्हतं. पाय लोखंडाला लागला आणि सगळं एकाच जागी येऊन थांबलं. बॅटरी जेवढी होती तेवढी दिसली. मी ‘अजून’ म्हटलं, डायनामोने ओतलं, आणि योग्य ठिकाणी मी शांतपणे म्हणालो, ‘बास.’ सोमेशने इंजिनाला जोर दिला, कमी केला, पुन्हा दिला. मीटर चौदा व्होल्टच्या जरासं वर जाऊन थांबला तो हललाच नाही. सोमेश एकटाच हसत सुटला. “बॅटरी बदलली, डायनामो नवा भरला, कटआउट बदलला. अन् खालचा पत्रा कुणी बघितला न्हाई! मीबी न्हाई!”

भागवत मात्र म्हणाला, “आज चालली, उद्या पुन्हा बंद पडली तर?” त्याचं बरोबर होतं. मलाही तीच धास्ती होती. इतके दिवस जे खरं दिसलं ते खोटं निघालं होतं, मग आताचं तरी खरं कशावरून?

सिंधुबाई म्हणाल्या, “उद्याची नांदेडची माझी पाळी अजून हाय. ह्याच गाडीनं जाऊन येते. तू मागनं ये तुझ्या गाडीत. जीप मधेच थांबली तर परवा मी स्वतः होऊन तुझ्यासंगट लातूरला येते, एक शब्द बोलत न्हाई. आन पोचले, तर माझं घर मला राहू दे.”

त्या रस्त्याला मी एवढा कधी घाबरलो नव्हतो. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता पाय सुटला. सोनखेड आलं, जीप जिथे थांबली होती ती जागा आली. मी मोजत होतो. बरोबर येत होतं. तरी पुन्हा मोजत होतो. जागा मागे पडली. नांदेडच्या दवाखान्याच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा मागून भागवत उतरला, जीपपाशी आला, आणि त्याने आईच्या पिशव्या आपल्या डिकीतून काढून वाकळीवर ठेवल्या.

परतीच्या वाटेवर सिंधुबाईंनी वावराजवळ गाडी थांबवायला लावली. त्या उतरल्या, चपला काढून बांधावर ठेवल्या आणि काळ्या मातीत घटकाभर अनवाणी उभ्या राहिल्या. शेषेराव तोंड उघडणार होते. चप्पल घाल, हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला बॉनेटच्या फटीतून दिसले. पण त्यांनी ते गिळले आणि इंजिन बंद केलं.

मित्रांनो, मला अजूनही एक गोष्ट नीट उमगलेली नाही. मी खोटं बोलत नव्हतो आणि तरी चुकीचं बोलत होतो, हे कसं? ज्याने आमचा घात केला, तो रंग मायेनेच दिलेला होता, हे तरी कसं? तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, तुम्हाला कदाचित कळेल. मी एवढंच मागतो. एखाद्याचं वागणं अचानक बिघडलं, तर त्याला काढून फेकायच्या आधी तो कशावर उभा आहे तेवढं वाकून बघा. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला सगळीकडून झाकून टाकू नका.

यंदाही पोळ्याला शेषेरावांनी लाल रंगाचा डबा काढला. बॉनेट उघडलं, ब्रश बुडवला. ओट्यावर बसलेल्या सिंधुबाईंनी तिथूनच हाक दिली.

“आवं, शिंगं रंगवा. पाय तेवढे मोकळे ऱ्हाऊ द्या.”